पाठीवरचा चेहरा

"तो कधी गेला?" मोबाइलमधल्या बाईनं स्वच्छ मराठीत विचारलं, आणि तिनंही तोंडातला सूपचा घोट गिळून तितक्याच स्वच्छ मराठीत सांगितलं, "सकाळी साडेआठला."

यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. सूपच्या दुकानाच्या मालकिणीनं तिच्या जर्सीच्या पाठीवर छापलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं होतं, स्वतःच्या मोबाइलमध्ये आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटून तो पुढे धरला होता, आणि मोबाइलनं त्याचं मराठी करून दिलं होतं. घरच्या फोनवरची दोन-दोन मिनिटं सोडली तर अठरा दिवसांत कानावर मराठी पडलं नव्हतं, म्हणून त्या सपाट, चढउतार नसलेल्या आवाजाचंही तिला बरं वाटलं. भाऊ रोज साडेआठलाच घरातून बाहेर पडतो. पांढरी काठी उघडतो, तीन पायऱ्या उतरतो, कोपऱ्यावर त्याच्या ऑफिसातला एक जण स्कूटर घेऊन थांबलेला असतो. 'साडेआठला जातो' असं म्हणायला हवं होतं खरं, पण प्रश्न झालेल्या गोष्टीचा होता म्हणून उत्तरही झालेल्या गोष्टीचं निघालं. मोबाइलनं ते वाक्य गिळलं, दोन क्षण घेतले आणि परक्या भाषेत ओकून टाकलं. मालकिणीचा हात तोंडावर गेला. ती गल्ल्यामागून बाहेर आली, खुर्चीच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिनं आपलं कपाळ हिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकवलं, बरोबर जिथे भावाचा चेहरा छापलेला होता तिथे. जर्सी पातळ होती. ओल आत लागली तेव्हा कुठे हिच्या डोक्यात उजेड पडला की कधी गेला म्हणजे कधी गेला.

'अहो नाही, ऑफिसला गेला, ऑफिसला,' हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी चमचे खाली ठेवले होते. मालकीण पुढे येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं तळहात गालाखाली घेऊन डोळे मिटून दाखवले, म्हणजे 'असाच ना? झोपला तो असा?' आणि हिची मान हलली. खालीवर. दोनदा. आपण हलवली की ती आपली आपणच हलली, हे तिला त्यानंतर दिवसभर ठरवता आलं नाही. बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना किल्ली दोनदा उलटी लागली. पाठीवरची ओल वाऱ्यानं गार पडत होती. गेले अठरा दिवस ती या चेहऱ्याला मागे बसवून देश ओलांडत होती, आणि या सगळ्या काळात तो चेहरा तिला सोडून सगळ्यांनी पाहिला होता.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवताना प्रत्येक आठवणीचा अर्थ मोज्यासारखा उलटा होत गेला. चौथ्या दिवशी घाटात मागून आलेला ट्रकवाला तिला ओलांडून पुढे जाऊन थांबला होता आणि टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता. तिनं हात हलवला होता, हसून. नवव्या दिवशी एका शाळेपुढून जाताना बाईंनी मुलांना गप्प उभं केलं होतं. तिनं घंटी वाजवली होती, दोनदा, मुलांना गंमत म्हणून. पेट्रोल पंपावरचा तो म्हातारा, ज्यानं पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या आणि आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. आणि दोन ठिकाणी तिनं स्वतः पाहिलं होतं की पंचवीस-तीस माणसं एकाच चेहऱ्याचे शर्ट घालून चालली आहेत. तिला वाटलं होतं, निवडणुका असतील, हा उमेदवार असेल. आता कळलं, इथे गेलेल्या माणसाचा चेहरा असा अंगावर घालतात. "काय देश आहे," ती आईला फोनवर म्हणाली होती, "माणसं इतकी चांगली आहेत ना, की आपल्यालाच लाज वाटावी." चेहऱ्याखाली तिला पाठवणाऱ्या, आंधळ्यांसाठीच्या संस्थेचं नाव होतं आणि संस्थेला चाळीस वर्षं झाली म्हणून स्थापनेचं साल, मग आडवी रेघ, मग चालू साल. भाऊ चाळीसचाच होता. ही रेघ संस्थेच्या बाईंनी काढली होती, छापणाऱ्यानं छापली होती, आणि ती घालून ही हसत, घंट्या वाजवत चालली होती.

गोल चौक आला तेव्हा ती या रेघेचाच विचार करत होती. या देशात गाड्या आपल्या उलट्या बाजूनं चालतात, आणि पहिल्या दोन दिवसांनंतर तिला ते अंगवळणी पडलं होतं, इतकं की स्वप्नातही ती उलट्या बाजूनं चालवायची. पण चौकाच्या तोंडाशी येऊन ती थांबली आणि तिला कळेना. आता आपली बाजू कोणती? घरची की इथली? तिनं स्वतःचे दोन्ही हात पाहिले, जणू त्यातला एक तरी सांगेल. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, म्हणून ती निघाली, आणि निघाली ती सरळ समोरून येणाऱ्या बसच्या तोंडात. बसवाल्यानं ब्रेक मारला. ती कठड्यावर आपटली, पुढचं चाक दगडाला धडकून वाकलं, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ड्रायव्हर खाली उतरला तो तोंड उघडूनच. जाडजूड माणूस, भीतीनं घामाघूम झालेला. तिला वाटलं, आता हा शिव्या घालेल, आणि तिला त्या हव्याच होत्या. न कळणाऱ्या भाषेतल्या, पण पोटभर. तिला उठवायला तो वाकला आणि त्याला तिची पाठ दिसली. त्याचं तोंड मिटलं. त्यानं तिचं कोपर स्वतःच्या रुमालानं पुसलं, सायकल उचलून पदपथावर लावून दिली आणि एक रस्ता सोडून असलेल्या दुकानाकडे बोट केलं. बसमधली माणसं काचांना नाक लावून बघत होती आणि त्यातलं एकही रागावलेलं नव्हतं.

दुकान लांबट होतं, एका खोलीएवढ्या रुंदीचं, आणि छतापासून चाकं टांगलेली. दुरुस्ती करणारा साठीचा असेल, बुटका, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा. त्यानं चाक सोडवलं, एका लोखंडी कवेत अडकवलं आणि बोटानं गरकन फिरवलं. चाक लंगडत फिरलं. त्यानं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं आणि स्पोकची चावी घेऊन चाकाचा आउट काढून ते सरळ करायला बसला. तिनं स्टूल ओढलं. हातानं काम करणारा माणूस समोर असला की तिला बरं वाटतं. ती स्वतः बावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिचंही असंच असतं. दात दोन्ही जबड्यांत बसवून झाले की मधे निळा कागद धरून जबडे मिटायचे, जिथे निळा डाग जास्त पडेल तो दात उंच, तिथे जराशी कानस मारायची, पुन्हा कागद, पुन्हा कानस. ज्यांच्या तोंडात ती कवळी जाणार ती माणसं तिला कधी दिसत नाहीत. डॉक्टरांकडून प्लास्टरचा साचा येतो, त्यावर एक नंबर. त्या साच्यांवरून ती कधी कधी माणसं उभी करते. हा तंबाखू खाणारा, ही रागात दात आवळणारी, हा एकाच बाजूनं चावणारा. मालक म्हणतात, "बाई, तुम्ही माणसाचं तोंड न बघता तोंड बनवता." हे त्यांचं कौतुक असतं. आज ते वाक्य आठवून तिला कसंसंच झालं.

कारण फोटोचं तसंच झालं होतं. संस्थेला आंधळ्या माणसांसाठी दोन सीटच्या सायकली घ्यायच्या होत्या. पुढे डोळस, मागे आंधळा. इथल्या एका मंडळानं सुचवलं होतं की तुमच्यापैकी कुणी एकट्यानं आमचा देश सायकलनं पार करावा, आम्ही लोकांना मदतीचं आवाहन करतो. संस्थेच्या बाईंनी मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा मागच्या खुर्चीवरून "मी जाते" असा आवाज आला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा तिला कळलं की तो आपला आहे. बाई म्हणाल्या, "एक चेहरा लागेल हो. लोकांना चेहरा लागतो." तिनं मोबाइलमधून भावाच्या लग्नातला फोटो काढून दिला. काळा चष्मा नाही, खळखळून हसतोय, नजर कॅमेऱ्याच्या जराशी वरून गेलेली. त्याला विचारलं नाही. विचारायचं राहिलं असं ती म्हणायची, पण राहिलं नव्हतं. महिन्याभरानं ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी त्याला पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. 'भावाच्या डोळ्यांसाठी बहिणीची सायकल.' भाऊ वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसतो. "ज्याच्याकडे कायमचाच अंधार, त्याच्याकडे लोक अंधाराच्या तक्रारी करतात," हा त्याचा स्वतःचाच विनोद, आणि तो दुसऱ्या कुणी केलेला त्याला चालत नाही. त्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुझी सायकल चालू दे, पण माझ्यासाठी जातेयस असं कुणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "छापून झालंय रे." तो म्हणाला, "हो ना," आणि काठी उघडून पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तिनं केलेला फोन त्याची बायको उचलायची. ते अंघोळीला गेलेत. ते झोपलेत. निघायच्या दिवशीसुद्धा ते झोपलेच होते.

चाकानं आवाज बदलला. दुरुस्तीवाला एका तारेला अर्धा वेढा द्यायचा, पुढची सैल करायचा, फिरवायचा, थांबायचा. तो मधूनच तिच्याकडे बघत होता. तिला ओळखीचं होतं ते बघणं, आता कळलं म्हणून ओळखीचं. हेच बघणं तिनं आणखी एकदा, फार वर्षांपूर्वी पाहिलं होतं, स्वतःच्या घरात. भाऊ एकोणीसचा होता, ती पंचवीसची. नजर जातेय याचा वर्षभर त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सगळा रस्ता पाठ करून तो सायकलनं कॉलेजला जायचा. एक दिवस जिथे कधीच नसते तिथे हातगाडी उभी होती. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारला आणि वडिलांना आधी बसा म्हणाले. पडद्याचा आजार आहे, थांबवता येत नाही. मग चार दिवस घरात माणसं येत राहिली. मावशी बॅग घेऊनच आली. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली, चहाचे कप, हलके आवाज. "फार गुणी होता हो," मावशी म्हणाली. "हुशार होता," शेजारचे काका म्हणाले. "त्याचा आधार होता," वडील म्हणाले आणि त्यांना पुढे बोलवेना. आईनं त्याची सायकल लांबच्या एका नातेवाइकाकडे पाठवून दिली, नजरेसमोर नको म्हणून. आणि मधल्या दाराच्या पलीकडे तो पलंगावर बसलेला होता, धडधाकट, आणि या सगळ्या 'होता'ला कान देऊन ऐकत होता. एकदाच आतून आवाज आला, "मला भूक लागलीये." तेव्हा सगळे दचकले होते. ती ताट वाढून घेऊन गेली होती. आत जाताना तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी, ताटावर पदार्थ वाढता वाढता, मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात काहीतरी खाडकन बंद झाल्याचा आवाज आला होता. काय बंद झालं ते तिनं कधी जाऊन पाहिलं नाही. त्यानंतर लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या, वडील गेले, भावाला नोकरी लागली, बायको मिळाली, तो सुखाला लागला. ती आईपाशी राहिली. राहायचंच होतं, त्यात काय.

दुरुस्तीवाल्यानं चाक थांबवलं. हात पुसले आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे, स्पोकच्या जुड्यांच्या वर, एका बाईचा फोटो होता, चौकटीत. मग त्यानं तिच्या पाठीकडे बोट केलं, मग पुन्हा फोटोकडे, मग स्वतःच्या छातीवर मूठ ठेवली. म्हणजे तुझंही तेच, माझंही तेच. आता मात्र तिला राहवेना. सूपवाल्या बाईपुढे एकदा झालं ते झालं. पण हा फोटो चौकटीतला होता, त्याची काच पुसलेली होती. ती मान जोरजोरात आडवी हलवून म्हणाली, "नाही, नाही. माझा भाऊ आहे. आहे." मोबाइल काढून त्यात बोलली, "माझा भाऊ जिवंत आहे." मोबाइलनं भाषांतर केलं. दुरुस्तीवाल्यानं ते ऐकलं आणि त्याचे डोळे आणखीनच मऊ झाले. तो हलकेच मान डोलावून काहीतरी म्हणाला आणि मोबाइलमधल्या बाईनं त्याच सपाट आवाजात सांगितलं, "होय. माझी पत्नीसुद्धा."

तिला हसावं की रडावं कळेना. आता याला कसं पटवायचं? जिवंत माणूस जिवंत आहे याचा पुरावा काय असतो? तिनं भावाचा मोबाइल लावला, तो वाजत राहिला. तो उचलणार नव्हताच. मग तिनं त्याच्या ऑफिसच्या टेबलावरचा नंबर लावला, जो तिला पाठ होता आणि जो तिनं वीज गेल्यावरसुद्धा कधी लावला नव्हता, आणि फोनचा आवाज मोठा करून दुरुस्तीवाल्यापुढे धरला. दोन घंट्या. तीन.

"नमस्कार, वीज तक्रार विभाग. आपला ग्राहक क्रमांक सांगा."

दुरुस्तीवाला फोनकडे बघत राहिला. ती म्हणाली, "बारक्या, मी बोलतेय."

पलीकडे दुसऱ्या टेबलांवरचे फोन वाजत होते. "ऑफिसच्या फोनवर कशाला केलास?"

"काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. इथे एक गृहस्थ आहेत, त्यांना तुझा आवाज ऐकवायचाय. त्यांना वाटतंय तू गेलास."

"कुठे?"

ती काहीच बोलली नाही. तेवढं पुरलं. लहानपणापासून तिच्या गप्प बसण्यावरून तो गोष्टी ओळखत आलाय. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे तसा गेलो. कशानं गेलो?" आणि हसला, खळखळून नाही, पण तिच्या पाठीवर हसत होता त्याच माणसाचं हसणं ते. ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. दुरुस्तीवाल्यानं फोनकडे पाहिलं, मग उठून तिच्या मागे जाऊन चेहरा पाहिला, मग पुन्हा पुढे आला. तिला वाटलं होतं, त्याला आनंद होईल. पण त्याचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला. तो तडातडा बोलायला लागला. वाकलेली रिम हातात धरून दाखवत, मागच्या चाकाच्या सैल तारा बोटांनी टणटण वाजवत, घासून गेलेली ब्रेकची रबरं तिच्या नाकापुढे धरत तो तिला झापत होता. हे असं चालवतात? असं चालवून मरायचंय का? शब्द कळत नव्हते आणि एकही शब्द कळला नाही असं नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. सकाळपासून छातीत जे अडकलं होतं ते जरा सैल झालं.

"कोण ओरडतंय?" फोनमधून भाऊ म्हणाला.

"सायकलवाला. थांब, बाहेर येते."

बाहेर बाक होता. ती बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं; सूप, साडेआठ, कपाळ, चमचे, आणि मान. मानेपाशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला.

"मान का हलवलीस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय, ताई? लोक रडतात म्हणून मी मरायचं?"

"खरंच माहीत नाही रे. ती इतकी रडत होती. तिला नाही म्हणवेना. आणि…"

"आणि काय?"

"आणि त्या क्षणी ते खोटं वाटलं नाही." हे तिला तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकू आलं आणि तिनं डोळे मिटून घेतले.

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं "दोन मिनिटं" म्हटलेलं ऐकू आलं. "मावशीसुद्धा 'होता'च म्हणाली होती," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी तेव्हाच रडून घेतलंत. मला त्याचं काही वाटत नाही आता. पण एक विचारू? खरं सांगशील? तू माझ्यासाठी गेलीयेस असं तुला खरंच वाटतं?"

"मग कुणासाठी?"

"मी अकरावीत होतो तेव्हा तुझ्या गादीखाली तू आत्ता आहेस त्याच देशाचा नकाशा होता. घडी घातलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पेनानं रेघ मारलेली. मी तुझ्या सामानात उचकापाचक करायचो. मला दिसत होतं तेव्हा, ताई. नीट दिसत होतं."

रस्त्यावरून काहीतरी मोठं धडधडत गेलं. नकाशा. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेला. हो, आला होता. पण रेघ आपण मारली होती? तिनं आठवायचा प्रयत्न केला. लाल पेन आठवलं, त्याचं चावलेलं टोपण आठवलं, गादीची कड उचलल्यावर येणारा कापसाचा वास आठवला, पण पेन कागदावर टेकलेलं काही केल्या आठवेना. मग हे अठरा दिवस ती कुणाच्या रेघेवरून चालली होती? मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवरून "मी जाते" म्हणणारी कोण होती? पंचविसाव्या वर्षी ताट वाढताना जे बंद झालं ते हेच का, की हे आता याच्या सांगण्यावरून ती जुळवून घेतेय? इतकी वर्षं साच्यांवरून दुसऱ्यांची तोंडं उभी केलेल्या बाईला स्वतःच्या तोंडातून निघालेल्या दोन शब्दांची ओळख पटेना.

"आईला सांगितलं असतंस, मला फिरायला जायचंय, तर?" भाऊ म्हणाला.

"एकटीनं? परदेशात? सायकलवर? या वयात?"

"म्हणून मला पुढे केलंस."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. आणि त्याचा राग नाहीये मला. विचारलं नाहीस त्याचा आहे. मला येऊन म्हणाली असतीस, बारक्या, जरा तुझे डोळे वापरू दे, तर मी नाही म्हटलं असतं का? आईला मी स्वतः पटवलं असतं. रडून वगैरे."

ती हसली आणि हसता हसता नाक ओढायला लागली. "मी परत येऊ का?"

"कशाला? आता कुणी अडवलंय?"

"पण मग संस्थेच्या बाई… पत्रकं… सायकली…"

"सायकली येऊ देत. मीसुद्धा बसेन. पुढे कोण बसणार ते मात्र मी ठरवणार. बाईंशी मी बोलतो, ते तू माझ्यावर सोड. आणि ती जर्सी घालू नकोस. किंवा घाल. तुझ्याकडे दुसरी आहे का?"

"एक आहे. मळलीये."

"बघ मग."

आता तो फोन ठेवेल हे तिला जाणवलं, आणि ठेवू नये असं वाटलं. अठरा दिवस ती हेच करत आली होती. दर वळणावर, दर चढावर समोरचं उचलून शब्दांत बांधून ठेवायची, की गेल्यावर याला सांगू, तेव्हा याचा राग जाईल. टेकडीचा रंग कसा होता, नदी कुठून वळली, मेंढ्यांच्या पाठी कशा दिसत होत्या. बघायच्या आधी वाक्य तयार व्हायचं. "बारक्या," ती घाईघाईनं म्हणाली, "इथे समोर काय आहे सांगू का तुला? मी रोजचं सगळं लक्षात ठेवलंय, तुला सांगायला."

"नको," तो म्हणाला. अजिबात न रागावता, लहानपणी दोघं एका ताटात जेवायला बसली की आपली बाजू आपण खायची असं ठरलेलं असायचं, त्या सुरात. "तुझं तू बघ. ठेवतो मी, लाइनवर लोक आहेत."

फोन बंद झाला. ती तो मांडीवर ठेवून बसून राहिली. समोर रस्त्यापलीकडे बुटांचं दुकान होतं आणि त्याच्या काचेआड, मांडलेल्या बुटांच्या मधे, एक पिवळट कुत्रं झोपलं होतं. दुकानातली बाई काचेच्या आतून बूट पुसत होती. कुत्र्याला धक्का न लावता ती त्याच्या पोटाजवळचा एक बूट उचलायची, पुसायची, पुन्हा तिथेच ठेवायची. एक बूट त्याच्या पायाखाली अडकला होता. बाईनं तो ओढून पाहिला, सोडून दिला, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कुत्र्यानं झोपेतच पाय आणखी वर घेतला. याचं वाक्य होतं का? होत असेल. तिनं ते केलं नाही, म्हणजे करायचं नाही असं ठरवलं असंही नाही. ते झालंच नाही. कोपर ठणकत होतं. भूक लागली होती, सूप अर्धंच राहिलं होतं. पुढे सात दिवसांचा रस्ता होता आणि तो कुणाचा आहे ते तिला अजून नीटसं कळलं नव्हतं. बाईनं शेवटी तो एक बूट पायाखाली तसाच राहू दिला आणि त्याच्या जोडीचा दुसरा पुसायला घेतला.

आतून दुरुस्तीवाला काहीतरी ओरडला, अजूनही घुश्शातच. चाक बसवून झालं असावं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"आले हो," ती मराठीतच ओरडली, "आले, आले."